न दिलेले घेणे : आपल्या जखमा आणि त्यांच्या भिंती

एका शर्टापासून सुरुवात करते.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या एका मावशींचा नवरा कंत्राटी सफाई कामगार होता. एका दुपारी तो गटारात उतरला आणि जिवंत वर आला नाही. उतरण्याआधी त्याने अंगातला शर्ट काढून मॅनहोलच्या कडेला ठेवला होता. तो शर्ट मावशींनी न धुता पिशवीत घालून पेटीत ठेवला. दोन वर्षांनी शहरातल्या एका कलासंस्थेने सफाई कामगारांच्या जगण्यावर प्रदर्शन भरवायचे ठरवले. त्यांना वस्तीत ओळख हवी होती म्हणून त्यांनी मला फोन केला. मी त्यांना घरोघरी घेऊन गेले. मावशींनी शर्ट दिला. "लोकांना कळू दे ताई, माणूस कसा मेला ते," एवढेच त्या म्हणाल्या. संमतीपत्र इंग्रजीत होते, चार पानांचे. मी त्याचा सारांश सांगितला, मावशींनी सही केली आणि साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

उद्घाटनाच्या दिवशी तो शर्ट काचेच्या पेटीत होता. वरून पांढरा दिवा सोडलेला. शेजारच्या पाटीवर इंग्रजीत कलाकाराचे नाव, वर्ष आणि 'सुती कापड, घाम' असे साहित्य लिहिले होते. मावशींनी मला विचारले, "यांचं नाव कुठं लिवलंय?" मी तोच प्रश्न क्युरेटरला विचारला. उत्तर मिळाले की नाव नसल्यामुळेच तो कुठल्याही कामगाराचा शर्ट होतो, त्यातच कलाकृतीची ताकद आहे. हे मराठीत करून मावशींना सांगायचे काम माझे होते. मी सांगितले नाही.

शर्ट परत यायला पाच महिने लागले. आला तेव्हा स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला, पातळ कागदात गुंडाळलेला होता. वस्तू साठवण्याची त्यांची तशी पद्धत आहे म्हणे, कीड लागू नये म्हणून. मावशींनी तो नाकाशी नेला आणि काही न बोलता पेटीत ठेवून दिला.

मित्रहो, या सगळ्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कलाकार संवेदनशील होता. क्युरेटर पुरोगामी होती, बोलताना बाबासाहेबांचे नाव घेत होती. आणि मी तर आपल्याच चळवळीतली. म्हणूनच हा लेख लिहावा लागतो आहे. दुष्ट माणसाने केलेले वाईट ओळखता येते. चांगल्या माणसांनी मिळून केलेले वाईट ओळखायला मापदंड लागतो, आणि कलेच्या क्षेत्रात तो मापदंड आपण अजून नीट मांडलेला नाही.

दोन सोपी उत्तरे

दलितांच्या, आदिवासींच्या, भटक्यांच्या दुःखावर कलाकृती झाली आणि त्यावर वाद पेटला की दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर प्रस्थापितांचे : कलावंत स्वतंत्र असतो, दुःख कोणाच्या मालकीचे नसते, संवेदना असली की पुरे. दुसरे उत्तर आपल्यातल्या संतापाचे : आमच्या दुःखावर फक्त आम्हीच बोलणार, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

पहिले उत्तर मला खोटे वाटते, कारण दुःखाची मालकी कोणाची नसली तरी गॅलरीच्या भिंतीची मालकी असते, अनुदानाची असते, पाटीवर काय लिहायचे या अधिकाराचीही असते. दुसरे उत्तर मला अपुरे वाटते, कारण जन्मावरून अधिकार ठरवणे हा जातीचाच नियम आहे. तो उलटा करून आपण वापरला तरी नियम तोच राहतो. या दोन्हींच्या पलीकडचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतल्या २०१७ सालच्या दोन घटना पाहू. दोन्हींचा अभ्यास आपल्या कार्यकर्त्यांनी करायला हवा.

एका आईचा निर्णय

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल नातेवाइकांकडे मिसिसिपी राज्यात गेला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा आरोप ठेवून त्याला घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि प्रेत नदीत फेकले. चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने बघावे, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो लोकांनी ते प्रेत पाहिले. 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने छायाचित्र छापले. सगळ्या गोऱ्या ज्युरींनी मारेकऱ्यांना निर्दोष सोडले आणि पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. पण त्या छायाचित्राने एक पिढी रस्त्यावर आणली.

६२ वर्षांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीचे 'ओपन कास्केट' हे चित्र लागले. विषय तोच, शवपेटीतला एमेट. पार्कर ब्राइट हा कृष्णवर्णीय कलाकार त्या चित्रासमोर पाठमोरा उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या मृत्यूचा तमाशा झाला आहे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या शर्टावर लिहिलेले होते. हॅना ब्लॅक या कलावंत-लेखिकेने जाहीर पत्र लिहून चित्र काढा आणि नष्ट करा, अशी मागणी केली. शुट्झ यांनी सांगितले की त्यांनी ते एका आईच्या वेदनेशी नाते जोडून काढले आणि ते विकणार नाहीत. संग्रहालयाने चित्र ठेवले आणि शेजारी वादाची माहिती देणारा मजकूर लावला.

चित्र नष्ट करा ही मागणी मला पटत नाही. कोको फुस्को या कलावंत-लेखिकेनेही त्या मागणीला विरोध केला होता आणि तो विचार करण्यासारखा होता. पण त्या मागणीमागचा प्रश्न खरा आहे. मेमी टिल यांनी जे केले ते नीट पाहा. काय दाखवायचे, कोणाला दाखवायचे, कोणत्या नियतकालिकात छापू द्यायचे, कशासाठी दाखवायचे, हे सगळे त्यांनी ठरवले. आजच्या भाषेत त्या पहिल्या क्युरेटर होत्या. त्यांनी ते दृश्य दिले होते एका उद्देशासाठी, आपल्या लोकांच्या हातात, पुरावा म्हणून. शुट्झ यांच्या चित्रात तो चेहरा रंगाच्या जाड फटकाऱ्यांत विरघळला. आईने जो चेहरा स्पष्ट दिसू द्या म्हणून हट्ट धरला तो चेहरा कॅनव्हासवर शैली झाला. मावशींचा धुतलेला शर्ट मला इथे आठवतो.

आणखी एक गोष्ट. त्या प्रदर्शनाचे दोन्ही क्युरेटर आशियाई वंशाचे होते. म्हणजे निवड करणारे गोरे नव्हते, तरी हे घडले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वधस्तंभाचा खेळ

त्याच वर्षी मिनियापोलिस शहरातल्या वॉकर आर्ट सेंटरने आपल्या शिल्पउद्यानात सॅम ड्युरंट या गोऱ्या कलाकाराचे 'स्कॅफोल्ड' हे भव्य मांडणशिल्प उभारले. अमेरिकी सत्तेशी निगडित सात फाशीच्या चौथऱ्यांची रचना एकात एक गुंफून ते केले होते. मृत्युदंडाच्या इतिहासावर टीका हा त्याचा हेतू. २०१२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते दाखवले गेले होते, तिथे काही गडबड झाली नाही. पण त्या सातांपैकी एक चौथरा मॅनकाटोचा होता. २६ डिसेंबर १८६२ रोजी त्या गावी डकोटा जमातीच्या ३८ जणांना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या मंजुरीने एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वात मोठी सामूहिक फाशी. मॅनकाटो मिनेसोटा राज्यातच आहे. ज्या जमिनीवर हे शिल्प उभे राहिले ती मुळात डकोटांची. त्यांचे वंशज त्याच परिसरात राहतात. आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पायऱ्या चढून वर जाता येईल अशी शिल्पाची रचना होती, लहान मुलांच्या खेळाच्या सांगाड्यासारखी ती दिसत होती. आपल्या पूर्वजांच्या वधस्तंभावर शाळेची सहल चढणार, हे डकोटांना कुंपणाबाहेरून दिसले.

निदर्शने झाली. मग मात्र जे झाले ते व्हिटनीत झाले नव्हते. संचालिका ओल्गा विसो यांनी माफी मागितली. उद्यानाचे उद्घाटन पुढे ढकलले. कलाकार आणि संस्था डकोटा ज्येष्ठांसमोर बसली. ड्युरंट यांनी शिल्पावरचे सगळे हक्क डकोटांना देऊन टाकले. शिल्प उतरवले गेले. लाकडाचे काय करायचे हे ज्येष्ठांनी ठरवले आणि शेवटी ते एका अज्ञात जागी पुरण्यात आले. पुढे त्याच उद्यानासाठी मूलनिवासी कलाकारांकडून प्रस्ताव मागवले गेले आणि अँजेला टू स्टार्स या डकोटा कलाकर्तीची कलाकृती २०२१ मध्ये तिथे उभी राहिली.

यावर काहीजण म्हणाले की ही कलेची हत्या आहे. माझा प्रश्न साधा आहे. कोणी सरकारी आदेश काढला होता का? कोणी मोडतोड केली का? नाही. एका माणसाने दुसऱ्यांची जी गोष्ट न विचारता घेतली होती ती परत केली. याला परतफेड म्हणतात.

आपला मापदंड

आता आपल्याकडे वळू. बरोबर काय आणि चूक काय हे ठरवायला आपल्याला परदेशी सिद्धांतांची वाट बघायची गरज नाही. आपण प्रत्येक कार्यक्रमात पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचे. आपण त्याचा अर्थ घाईत 'चोरी करू नये' असा सांगून मोकळे होतो. पण शब्द बघा : जे दिलेले नाही ते घेणे. हा अर्थ चोरीपेक्षा मोठा आहे. चोरीला कुलूप फोडावे लागते. न दिलेले घेणे सही-शिक्क्यासह, हार घालून, दिवा लावूनही करता येते.

मावशींनी शर्ट दिला होता, हे खरे. पण काय म्हणून दिला होता? एका माणसाच्या मरणाची साक्ष म्हणून दिला होता. त्याचे नाव पुसायचा अधिकार त्यांनी दिला नव्हता. तो धुवायचा अधिकार दिला नव्हता. चार पानांच्या इंग्रजी कागदात ते अधिकार कुठेतरी लिहिलेले असतीलही, पण जे समजलेच नाही ते देता येत नाही. म्हणून 'संमती घेतली होती' या उत्तराने गप्प बसू नका. कशाची घेतली, कोणत्या भाषेत घेतली, किती काळासाठी घेतली आणि देणाऱ्याला ते परत मागता येते का, हे विचारा.

मापदंडाचा दुसरा भाग बाबासाहेबांनी १९१९ मध्येच दिला आहे. साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष देताना त्यांनी प्रतिनिधित्वाचे दोन भाग केले : मतांचे प्रतिनिधित्व आणि व्यक्तींचे प्रतिनिधित्व. अस्पृश्यांविषयी चांगली मते असलेला दुसरा कोणी कायदेमंडळात बसला म्हणजे भागले, हे त्यांनी नाकारले. मतांबरोबर माणसेही तिथे बसली पाहिजेत. हे वाक्य कायदेमंडळापुरते ठेवू नका, कलादालनात घेऊन जा. आज भिंतीवर आपली मते आहेत, आपल्या वेदना आहेत, आपली निळी पार्श्वभूमीसुद्धा आहे. प्रश्न असा की ज्या खोलीत बसून काय लावायचे ते ठरते त्या खोलीत आपण आहोत का?

शताब्दी उलटली तरी 'मूकनायक'चे कारण शिळे झालेले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी तो निघाला, कारण इतरांच्या पत्रांत आपल्याविषयी छापून येणे आणि आपले पत्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांना स्वच्छ कळले होते.

मग फक्त आपणच बरोबर का?

इथे कोणी म्हणेल, ताई, शेवटी तुम्हीही जन्माशीच आलात. नाही. व्हिटनीचे क्युरेटर आठवा. फक्त गोरा नसणे पुरले नाही. आणखी एक उदाहरण देते. २०२२ च्या डॉक्युमेंटाचे क्युरेटर इंडोनेशियातला रुआंगरुपा हा कलाकारांचा गट होता. त्यांनी आपल्याच देशातल्या तारिंग पाडी गटाला बोलावले. सुहार्तोच्या हुकूमशाहीचे चटके सोसलेली, लोकांसाठी फलक रंगवणारी ही माणसे. पण त्यांच्या २००२ सालच्या भल्यामोठ्या फलकात ज्यूंची विकृत, द्वेषमूलक चित्रे निघाली. फलक आधी झाकला गेला, मग उतरवला, गटाने माफी मागितली. सोसलेला माणूस दुसऱ्याच्या जखमेबाबत आंधळा असू शकतो. खोलीत आपण बसलो म्हणजे आपोआप न्याय होतो असे नाही. पण ज्याची गोष्ट आहे तो खोलीतच नसेल तर चूक दाखवायलाही कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप असहिष्णुतेचा. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. तेव्हापासून आपल्याला 'चित्र फाडणारे' म्हणण्याची सोय झाली आहे. मी स्पष्ट सांगते : मोडतोड चूक होती. ज्या बाबासाहेबांनी आयुष्यभर युक्तिवाद केला त्यांच्या नावाने खुर्च्या मोडणे त्यांना शोभा देत नाही. पण मोडतोडीच्या आवाजात खरा प्रश्न बुडाला. पाठ्यपुस्तकात चित्र निवडणे हेही क्युरेटिंगच असते. संविधान हे गोगलगाय, वर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे चित्र अकरावीच्या वर्गातल्या एकट्या दलित मुलीला कसे दिसेल, याचा विचार निवड करताना कोण करत होते? हा प्रश्न शांतपणे विचारला असता तर तो टाळता आला नसता.

आरसा

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले तेव्हा मी अकरावीत होते. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांच्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. मीही पाहिली. त्या वेळी ती दाखवण्याला कारण होते. प्रकरण दडपले जात होते, आणि मेमी टिल यांच्या उघड्या शवपेटीसारखाच तो पुरावा होता. पण पुढे काय झाले? त्यानंतर प्रत्येक अत्याचाराचे फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलत आलो. फ्लेक्सवर छापले, मोर्चात धरले, वर नेत्याचा हसरा चेहरा लावला. त्या मुलीच्या आईला, बापाला विचारले होते का, हा प्रश्न माझ्या तरी ऐकण्यात कोणी केला नाही. अदिन्नादान आपल्या हातूनही होते. निळ्या झेंड्याखाली झाले म्हणून ते दान होत नाही.

आणि वस्तीतल्या लोकांना गॅलरीपर्यंत नेणारे मध्यस्थ बहुतेक वेळा आपण असतो. सामाजिक कार्यकर्ते, एम. ए. झालेले, इंग्रजी थोडेफार येणारे. संस्थेला आपला फोन नंबर हवा असतो, आपल्याला वाटते चळवळीचे काम होते आहे. त्या संमतीपत्रावरची माझी सही मी विसरू शकत नाही.

काय करायचे

सावी सावरकर, प्रभाकर कांबळे, विक्रांत भिसे, मालविका राज यांच्यासारखे कलावंत आज आपली चित्रभाषा घडवत आहेत. कांबळे तर प्रदर्शनेही मांडतात. म्हणजे माणसे नाहीत ही सबब आता चालणार नाही. तरीही उद्या एखादी संस्था तुमच्या वस्तीत आली तर फोन नंबर देण्याआधी एवढ्या गोष्टी मागा :

१. संमतीपत्र मराठीत, एका पानात. वस्तू देणाऱ्याला ते वाचून दाखवा आणि विचार करायला आठ दिवस द्या.

२. ज्याची वस्तू, ज्याचा फोटो, ज्याचे दुःख, त्याचे नाव पाटीवर. नाव नको असेल तर तो निर्णय घरच्यांचा. क्युरेटरने त्यात पडू नये.

३. वस्तू कधी, कोणत्या अवस्थेत परत येणार ते लेखी. मधेच परत मागण्याचा हक्कही लेखी.

४. मोबदला. कलाकाराला मानधन मिळते, क्युरेटरला पगार मिळतो, भिंत रंगवणाऱ्याला मजुरी मिळते. मग कलाकृती ज्याच्या आयुष्यातून आली त्यालाच 'सहभागाचा आनंद' का?

५. निवड करणाऱ्या समितीत त्या समाजातली माणसे, पहिल्या बैठकीपासून. उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसवण्यापुरती नकोत.

या अटी मान्य नसतील तर नाही म्हणा. प्रदर्शन झाले नाही म्हणून चळवळ थांबत नाही. आणि ज्यांना खरोखर आपल्याबरोबर काम करायचे आहे, मग ते कोणत्याही जातीचे असोत, त्यांना या अटी जाचक वाटणार नाहीत. जन्म न विचारता माणूस पारखण्याची हीच रीत आहे.

मावशींचे सांगायचे राहिले. गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मावशींची फाइल अजून टेबलाटेबलांवरून फिरते आहे. शर्ट काचेत असताना तो पाहायला मोठमोठी माणसे आली, हळहळली. त्यांच्यापैकी एकानेही फाइलचा नंबर विचारला नाही. मीही तेव्हा पाटीवरच्या नावासाठीच भांडत होते.

गेल्या महिन्यात आणखी एका संस्थेचा फोन आला. मी वरच्या पाच अटी मराठीत लिहून पाठवल्या. अजून उत्तर आलेले नाही. येईल तेव्हा येईल. तोवर दर सोमवारी मी मावशींबरोबर कचेरीत जाते.

जय भीम.